भावना गेटबाहेर कोणी ठेवायच्या?

नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यातून महिनाअखेरीला घाईने पाठवलेला माल ग्राहकाने परत केला, लाइन थांबली आणि सकाळच्या उत्पादन बैठकीत प्लांट हेडने गुणवत्ता विभागातल्या एका तरुण मुलीला सगळ्यांसमोर झापले. ती तिथेच रडली. माझ्या नाशिकच्या वर्गमित्रांपैकी एक जण, जो त्याच कारखान्यात वरच्या पदावर आहे, त्या बैठकीत होता. आम्हा जुन्या मंडळींना ही हकिकत कळवताना त्याने लिहिले, की आजच्या मुलांना भावना आवरता येत नाहीत, कंपनीत येताना त्या गेटबाहेर ठेवून यायला हव्यात, आणि जर्मनीत असला रडेपणा कोणी खपवून घेत नाही, हवे तर हिला विचारा. मला कोणी विचारले नाही. साक्षीदार म्हणून माझे नाव मात्र पुढे करून झाले. त्या मुलीला भावनांवर ताबा ठेवण्याच्या एकदिवसीय प्रशिक्षणाला बसवणार आहेत, हे वाचल्यावर मला गप्प राहवेना.

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात काम करते, तेव्हा साक्ष द्यायचीच तर ती पूर्ण देते. इथेही लाइन थांबते, इथेही ग्राहक डोक्यावर बसतो आणि मास्टरचा, म्हणजे सुपरवायझरचा, आवाज चढतो. फरक त्यानंतर पडतो. चारचौघांत एखाद्याचा पाणउतारा झाला, तर ती गोष्ट बेट्रिब्सराटपर्यंत, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेल्या समितीपर्यंत, जाते आणि ज्याचा आवाज चढला त्याला तिथे बसून उत्तर द्यावे लागते. २०१३ पासून इथल्या कामगार सुरक्षा कायद्यात कामातून येणारा मानसिक ताण धोक्यांच्या यादीत स्पष्टपणे लिहिलेला आहे, त्यामुळे यंत्रे, रसायने आणि गोंगाट यांच्याप्रमाणेच त्याचेही मूल्यमापन मालकाला करावे लागते. सगळे मालक ते मनापासून करतात असे मी म्हणणार नाही, पण निदान प्रश्न कामाच्या रचनेला विचारला जातो. मन थकले म्हणून हाउसआर्त्स्टने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरने, घरी बसवले, तर मालकाला आजाराचे नाव कळवले जात नाही आणि पहिले सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो. आपल्याकडे ज्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाखाली मी नाशिकच्याच सातपूरला नोकरी केली, त्यात पिकदाण्यांचे स्वतंत्र कलम होते, अडीचशेहून अधिक कामगार असतील तर उपाहारगृहाची तरतूद होती. मनावरच्या ताणाबद्दल काहीच नव्हते.

माझ्या मित्राच्या लेखी रडणे ही भावना आहे आणि ओरडणे ही शिस्त. राग ही भावना नव्हे काय? त्या बैठकीत तोल दोघांचाही गेला होता, पण प्रशिक्षणाला एकटी ती मुलगी जाणार आहे, आणि तपासणी पुरी होण्याआधी माल गाडीत भरा असे कोणी सांगितले, हे अजून कोणी विचारलेले नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या सेविका आणि कर्जवसुली करणारे कर्मचारी यांच्या कामाचा अभ्यास मांडून दाखवले होते, की चेहऱ्यावर हसू ठेवणे किंवा मुद्दाम दरडावणे हेही नोकरीतले श्रमच असतात, आणि ज्यांच्याकडे हुद्द्याचे कवच नाही, त्यांच्यावर, विशेषतः बायकांवर, दुसऱ्यांचा राग सहज निघतो. अंबडच्या बैठकीला हे तंतोतंत लागू पडते.

सातपूरच्या त्या कंपनीत आम्ही मुली हे कोणी न शिकवताच शिकलो होतो. साहेबांनी झापले, की बाथरूममध्ये जायचे, नळ मोठा सोडायचा, तोंड धुऊन डोळे कोरडे करायचे आणि कूलंट डोळ्यांत उडाले असे सांगत मशीनपाशी परतायचे. अशीच एकदा परतले, तेव्हा ग्राइंडिंगवरच्या एका काकांनी आपल्या वाट्याचा चहा माझ्यासमोर ठेवला. "ताई, आधी चहा घ्या, रिपोर्ट कुठं पळून चाललाय," एवढेच म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. इथे इतक्या वर्षांत असा चहा मला कोणी दिलेला नाही, हेही साक्षीत नोंदवले पाहिजे.

वडील गेले तेव्हा माझ्या विभागाने सर्वांच्या सह्यांचे कार्ड दिले, शेफने, म्हणजे साहेबांनी, एकही प्रश्न न विचारता रजा मंजूर केली, आणि परत आल्यावर मला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून कोणी विषय काढला नाही. त्यांचा हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. पण पंचवटीच्या अमरधाममध्ये वडिलांच्या जुन्या कंपनीतली माणसे फर्स्ट शिफ्ट सुटताच युनिफॉर्मवरच आली होती. ज्या साहेबांच्या शिव्या खाऊन वडील कितीदा तरी न जेवता झोपले होते, ते निवृत्त साहेबही तिथे हुंदके देऊन रडत होते, आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नव्हते. मी कोरड्या डोळ्यांनी उभी राहून येणाऱ्यांचे आभार मानत होते. "हिला काहीच कसं होत नाही," असे मावशीने घरी शेजारणीला विचारलेले मी ऐकले. ज्या आवरलेपणाचा दाखला माझा मित्र देतो, तो माझ्या अंगवळणी पडला आहे, आणि त्यापायी मी दोन्हीकडे थोडी परकी झाले आहे. नाशिकला गेले की मी फार जपून बोलते, आणि इथे कोणी माझ्या मनात डोकावत नाही.

तू निघून गेलीस, आता तिकडून शिकवू नकोस, असे मला ऐकवले जाईल. माझ्या नावाचा आधार घेताना मात्र हे अंतर कोणाला आड आले नव्हते. त्या साहेबांना रडताना मी पाहिले आहे, तेव्हा नाशिकच्या माणसांना भावना कळत नाहीत असे मी कधीच म्हणणार नाही. कंपनीच्या आत त्या कोणी दाखवायच्या आणि कोणी गिळायच्या हे हुद्द्यावरून ठरते, एवढीच माझी तक्रार आहे. दिवाळीत आलीस की आमच्याकडे जर्मन शिस्तीवर तासभर बोल, असे मित्राने सुचवले आहे. मी जरूर येईन, पण प्लांट हेड आणि तो स्वतः त्या प्रशिक्षणाला सकाळपासून संध्याकाळपर्यंत पूर्ण वेळ बसणार असतील, तरच.