इंजिन बंद पडलं म्हणून गादे दिसले

‘डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत.’ किनाऱ्यावर असा बोर्ड दिसला की हल्ली माझं डोकं फिरतं. का, ते सांगतो.

मे संपत आला होता. १ जूनपासून मासेमारी बंद, म्हणून मालवणजवळच्या देवबागचे ओळखीचे एक तांडेल (होडीचे प्रमुख) शेवटच्या फेऱ्या उरकत होते. हौसेनं मीही होडीत बसलो. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथून बाहेर पडलो तेव्हा आभाळ नुसतं कुंद होतं. जाळं ओढेस्तोवर काळंभोर झालं, वारा फिरला, पाऊस आडवा यायला लागला. त्यात जाळ्याचा दोर पंख्यात गुंडाळला. इंजिन बंद. तांडेल कोयता घेऊन मागे ओणवे झाले आणि मी फळी घट्ट धरून सकाळचे घावणे पोटात राहतील एवढंच बघत होतो.

तेवढ्यात फुस्स! सायकलच्या ट्यूबमधली हवा जावी तसा आवाज, अगदी कानाशी.

“गादे इले,” मान वर न करता तांडेल म्हणाले. गादे म्हणजे डॉल्फिन.

हातभर अंतरावर करडी पाठ वर आली. त्यावर उंचवटा, उंचवट्यावर इवलासा पर, त्याची कड कातरलेली. श्वासाचा माशाळ भपकारा थेट तोंडावर. पाठीवर आपटून पावसाचे थेंब उडत होते. मागोमाग आणखी दोन, आणि आईच्या कुशीला चिकटलेलं एक पिल्लू. त्यांनी आम्हाला वाचवलं वगैरे काही नाही हं. त्यांचं लक्ष माशांवर होतं, आमची होडी मधली अडचण. दोर सुटला, इंजिन धडधडलं, आणि पाणी रिकामं.

खाडीच्या तोंडाशी गढूळ पाण्यात डोळे काय कामाचे? गादे आवाज सोडतात आणि प्रतिध्वनीवरून मासे शोधतात. वरातीच्या डीजेसमोर उभं राहून फोनवर बोलून बघा, म्हणजे दहा होड्यांनी घेरल्यावर त्यांचं काय होत असेल ते कळेल. १९७२च्या वन्यजीव कायद्यात डॉल्फिन अनुसूची १मध्ये आहे, वाघाच्याच रांगेत. वाघाच्या अंगावर जीप घातली तर आपण बोंब मारतो. इथे शिट्ट्या मारतो.

तांडेल गाद्यांना शिव्याच घालतात, जाळी फाडतात म्हणून. पण मुद्दाम होडी अंगावर नेताना मी त्यांना पाहिलेलं नाही. टूरवाल्यालाही एकट्याला काय बोलणार? “अजून जवळ घ्या ना!” असं आपणच ओरडतो. लांबून बघू, इंजिन बंद ठेवा, नाही दिसले तरी पैसे देऊ, असं म्हणणारं गिऱ्हाईक त्याला भेटतंय कुठे?

मीही ओरडलोय, तीन वर्षांपूर्वी. व्हिडिओ अजून फोनमध्ये आहे. त्यात दोन सेकंद शेपूट दिसतं, बाकी सगळा आमचाच कालवा.