‘बीएस्सी करा, थेट एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला जा’ म्हणे! त्या फॉरवर्डला एकेक करून उत्तर

आमच्या वाड्यावरच्या ग्रुपवर तो मेसेज पहिल्यांदा आला तेव्हा मी सोडून दिला. मग देवळाच्या कमिटीच्या ग्रुपवर आला, मग माझ्याच जुन्या बॅचच्या मुलांच्या ग्रुपवर, आणि परवा संध्याकाळी शेजारची वहिनी दारात, हातात मोबाईल, मागे मुलगी मार्कशीटचं प्लास्टिक फोल्डर छातीशी धरून उभी. ‘सर, हें खरें मू?’

मी फोंडा तालुक्यात हायर सेकंडरीला अठरा वर्षं बायो शिकवलं, आता घरी शिकवण्या घेतो, त्यामुळे मे-जून आला की असले प्रश्न आमच्या ओसरीवरच येतात. म्हटलं एकदाच लिहून टाकतो.

मेसेज साधारण असा: नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) नाही लागली? रडू नका! नवीन शिक्षण धोरणात अमेरिकेसारखं प्री-मेड आलं. बीएस्सी झूलॉजी करा, मेडिकलची तयारी आपोआप होते, आणि थेट एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्या. नीट परत द्यावी लागत नाही, तसंही २५ नंतर देता येत नाही. बारावीचे मार्क कोणी बघत नाही. बारावीला बायो नसेल तर मेडिकल कायमचं बंद. नर्सिंग-फार्मसीला कुठलंही सायन्स चालतं. दहा पालकांना पाठवा.

दहा पालकांना पाठवायच्या आधी हे वाचा.

‘अमेरिकेसारखं प्री-मेड आलं’

पहिली गोष्ट, अमेरिकेत प्री-मेड नावाची डिग्रीच नसते. तिथे पोरं चार वर्षांची कुठली पण डिग्री करतात, इतिहास घ्या, संगीत घ्या, चालतं, फक्त त्या चार वर्षांत मेडिकल कॉलेजं मागतात ते कोर्स उरकावे लागतात, म्हणजे बायो, साधी केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, हे सगळं प्रॅक्टिकलसकट, आणि बहुतेक ठिकाणी बायोकेमिस्ट्री पण. या तयारीला प्री-मेड म्हणतात, बस. वर एमकॅट नावाची परीक्षा, बसल्यापासून उठेपर्यंत साडेसात तास, स्कोअर ४७२ ते ५२८ मध्ये, आणि २०१५ पासून त्यात सायकॉलॉजी-सोशॉलॉजी पण घातलंय. हे सगळं झाल्यावर मेडिकलचं पहिलं वर्ष सुरू होतं, दुसरं नाही! चार अधिक चार, आणि पुढे रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, तीन ते सात वर्षं. म्हणजे ज्या देशाचं नाव घेऊन हा शॉर्टकट विकला जातोय तिथला रस्ता आपल्यापेक्षा लांब आहे.

आणि आपल्याकडे नवीन धोरणातून काय आलं? गोवा विद्यापीठाच्या कॉलेजांत २०२३-२४ पासून मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), डिग्रीला चार वर्षांचा पर्याय, हे आलं. मेडिकलचं यात काही नाही. उलट धोरणात उच्च शिक्षणासाठी जी एकच मोठी नियामक संस्था सुचवलीय तिच्यातून मेडिकल आणि लॉ सरळ बाहेर ठेवलेत.

पण या मेसेजवर सत्तरीच्या आसपासची माणसं पटकन विश्वास का ठेवतात ते मला कळतं, आणि त्यांना हसू नये. त्यांच्या काळात असंच होतं ना! दहावी-बारावीची आत्ताची पद्धत यायच्या आधी मुलं मॅट्रिक होऊन कॉलेजात जायची, इंटर सायन्स (कॉलेजातली सुरुवातीची वर्षं) करायची आणि इंटरच्या मार्कांवर मेडिकलला जायची. बांबोळीच्या आपल्या कॉलेजचं मूळ पोर्तुगीजांच्या १८४२ च्या शाळेत, पण गोवा मेडिकल कॉलेज म्हणून ते सुरू झालं १९६३ ला, तेव्हा पणजीत, मुंबई विद्यापीठाखाली. त्याच्या जेमतेम वर्षभर आधी, १९६२ ला, मडगावचं चौगुले कॉलेज आणि पणजीचं धेंपे कॉलेज सुरू झालेलं. आमचे काका अजून सांगतात की मित्र इंटरला पहिला वर्ग काढून डॉक्टर झाला आणि मी केमिस्ट्रीत मार खाल्ला म्हणून बँकेत गेलो. तेव्हा कॉलेजात जाऊन मग मेडिकल, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलंय, फक्त ते इंटर होतं, बीएस्सी नव्हे, आणि ती पद्धत जाऊन पन्नासेक वर्षं झाली.

‘थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश’

नाही. एमबीबीएसला असा मधूनच प्रवेश नाही, बीडीएसला (दातांच्या डॉक्टरकीला) पण नाही. ही अफवा दोन खऱ्या गोष्टींची खिचडी आहे असं मला वाटतं. एक, डी.फार्म (फार्मसीचा डिप्लोमा) झालेल्याला बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला घेतात, हे खरंय. दोन, नीटच्या माहितीपुस्तिकेत पात्रतेचे जे कोड असतात त्यात बीएस्सी झालेल्यांचा पण एक कोड आहे, हेही खरंय, पण तो कोड परीक्षेला बसण्यापुरता, आणि त्यालाच अट जोडलेली आहे की बारावी फिजिक्स, केमिस्ट्री, बायो आणि इंग्लिश घेऊन पास पाहिजे. कोणीतरी अर्धं पान वाचलं आणि उरलेलं मनाने लिहिलं.

‘नीट परत द्यावी लागत नाही, २५ नंतर देताच येत नाही’

एमबीबीएस, बीडीएस, शिरोड्याचं आयुर्वेद, तिथलंच होमिओपॅथी, सगळ्याला नीट. परदेशात एमबीबीएस करून इथे परत येऊन प्रॅक्टिस करायची असेल तरी नीट पात्र पाहिजे, शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे तिकडचा कोर्स कमीत कमी ५४ महिन्यांचा पाहिजे, हे एजंट चहा पाजताना सांगत नाहीत.

आणि वयाची वरची मर्यादा २०२२ ला काढून टाकली. १७ पूर्ण पाहिजे एवढंच, किती वेळा द्यायची त्यालाही बंधन नाही. तीस वर्षांची नर्स नीटला बसली तरी कोणी अडवणार नाही. हा एक मुद्दा तरी मेसेजवाल्यांनी बरोबर लिहिला असता तर कितीतरी पोरांच्या डोक्यावरचं ओझं कमी झालं असतं, पण नेमका तोच उलटा.

‘झूलॉजीच घ्या, मेडिकलची तयारी आपोआप होते’

यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण यात पोरांची खरी वर्षं जातात.

नीटला १८० प्रश्न, ७२० मार्क. त्यातले ९० बायोचे, आणि ४५ फिजिक्स, ४५ केमिस्ट्री. सगळं अकरावी-बारावीचं. बीएस्सीला झूलॉजी घेतलं की तुम्ही खोल जाता, गांडुळापासून एम्ब्रिऑलॉजीपर्यंत, छान विषय आहे, मी स्वतः तोच केला, पण फिजिक्स हळूहळू हातातून सुटतं. माझा एक जुना विद्यार्थी, हुशार, बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडे आला, सर पुन्हा नीट द्यायचीय. म्हटलं ये. बायोचा पेपर लावला तर ९० पैकी ८० च्या वर बरोबर, मला पण बरं वाटलं. मग फिजिक्स. भिंगाचा साधा प्रश्न होता, वस्तू २० सेंटीमीटरवर, नाभीय अंतर १५, प्रतिमा कुठे? सूत्र त्याला आठवत होतं, पण वस्तूचं अंतर उणे घ्यायचं असतं हे विसरलेला, त्यामुळे ६० च्या जागी साडेआठ आणि वर काहीतरी आलं. पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, सर, हे मला बारावीत झोपेत यायचं. चुकलं की एक मार्क वजा, बरोबर आलं की चार, म्हणजे एका चिन्हापायी पाच मार्कांचा फरक. त्याने मग वर्षभर सकाळी फक्त फिजिक्स केलं.

तेव्हा बीएस्सी करत करत नीट द्यायची असेल तर जरूर द्या, पण बीएस्सी म्हणजे नीटची तयारी नव्हे, दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्यासाठी रोजचा वेगळा तास काढावा लागतो. फिजिक्सची अकरावीची पुस्तकं रद्दीवाल्याला देऊ नका एवढं तरी करा.

आणि समजा एमबीबीएस नाहीच झालं, तर झूलॉजीच कशाला? हेल्थमध्ये जायचे पदवीनंतरचे रस्ते विषयाप्रमाणे वेगवेगळे निघतात आणि हे पोरांना कोणी सांगतच नाही. फिजिक्सवाला एमएस्सी करून पुढे मेडिकल फिजिक्सला जाऊ शकतो, कॅन्सरच्या रेडिएशनच्या मशीनवर डोस मोजायला तोच माणूस लागतो, त्यासाठी बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्राचा) एक वर्षाचा डिप्लोमा आहे. सायकॉलॉजीवाली एमए करून क्लिनिकल सायकॉलॉजीला. खाण्यापिण्याची, डाएटची आवड असेल तर पणजीला होम सायन्स कॉलेज आहे, त्याला अजून काहीजण ‘रांधपाचं कॉलेज’ म्हणतात, म्हणू द्या. बीएस्सीनंतर मेडिकल कॉलेजातल्या अॅनाटॉमी, बायोकेमिस्ट्रीसारख्या विषयांत तीन वर्षांची एमएस्सी असते. आणि हॉस्पिटल चालवायच्या बाजूला जायचं तर साखळीच्या जीआयएमला (गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट) हेल्थकेअर मॅनेजमेंट आहे, तिथे कुठलाही पदवीधर अर्ज करू शकतो.

मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात हेल्थ म्हणजे गळ्यात स्टेथोस्कोप, म्हणून हे सगळं त्याच्या हिशेबातच नाही.

‘बारावीचे मार्क कोणी बघत नाही’

अर्धं खरं, म्हणून जास्त घातक. नीटच्या रँकमध्ये बारावीचे मार्क मिसळत नाहीत, बरोबर. पण एमबीबीएसला फिजिक्स-केमिस्ट्री-बायो मिळून ओपनला ५० टक्के, राखीव गटांना ४० टक्के लागतात, नाहीतर नीटचा स्कोअर घेऊन घरी बसायचं. नीटच्या नादात बारावीच्या प्रॅक्टिकलला दांड्या मारणारी पोरं मी दरवर्षी बघायचो. कांद्याच्या मुळाची स्लाइड करताना अंगठ्याने कव्हरस्लिप दाबून फोडायची आणि मग म्हणायची, सर, हे थोडंच नीटला येतं! जर्नल कोरं ठेवून नीटला चांगला स्कोअर आणणारे असतीलही, मला अजून भेटायचेत.

‘बायो नसेल तर कायमचं बंद’

होतं तसं. आता नाही. नोव्हेंबर २०२३ ला एनएमसीने, म्हणजे देशातल्या मेडिकल शिक्षणाच्या नियामक संस्थेने, नोटीस काढली, बारावी झाल्यावर मान्यताप्राप्त बोर्डातून बायो किंवा बायोटेक जादाचा विषय म्हणून पास केला तरी नीटला बसता येतं. म्हणजे मॅथ्स घेऊन बारावी झालेल्याला नंतर वाटलं तर दार आहे. सोपं नाही, दोन वर्षांचं बायो एकट्याने उपसायचं म्हणजे काय ते मला विचारा, पण बंद नाही.

‘नर्सिंग-फार्मसीला कुठलंही सायन्स चालतं’

बी.फार्मला फिजिक्स-केमिस्ट्री पाहिजेच, तिसरा विषय बायो किंवा मॅथ्स, इथपर्यंत ठीक. बीएस्सी नर्सिंगचं तसं नाही, फिजिक्स-केमिस्ट्री-बायो आणि इंग्लिश, ओपनला ४५ टक्के. चार वर्षांचा कोर्स. बायो नसलेल्याने तिथे फॉर्म भरला तर फीचे पैसे गेले. उलट जीएनएम या नर्सिंगच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाला आर्ट्स-कॉमर्सवाले पण चालतात, म्हणजे मेसेजमध्ये जिथे सूट लिहिली तिथे अट आहे आणि जिथे सूट आहे तिचं नावच नाही.

आणि नर्सिंगला ‘नाही लागलं तर निदान’ असं म्हणायचं सोडा राव. बांबोळीला रात्री तीनला वॉर्डात कोण असतं ते एकदा बघून या.

मेसेजमध्ये नाही पण दरवर्षी कोणीतरी यात अडकतो म्हणून एक गोष्ट सांगतो. नीटचा फॉर्म भरला, स्कोअर आला, म्हणजे गोव्याच्या सीटसाठी अर्ज झाला असं नाही. १५ टक्के सीटा अखिल भारतीय कोट्यात जातात, राहिलेल्या गोव्याच्या, आणि त्यासाठी पर्वरीच्या डीटीईकडे (तंत्रशिक्षण संचालनालयाकडे) वेगळा अर्ज करायचा असतो. त्याला रहिवासी दाखला लागतो, तो मामलेदार कचेरीतून, आणि तिथे निकालानंतर जाल तर रांगेत अर्धा तालुका भेटेल. एका मुलाचा दाखला एका कचेरीत असाच लटकला, आज साहेब मीटिंगला, उद्या सर्व्हर डाउन, बाप बागायतीचं काम सोडून चार खेपा घालत होता, शेवटच्या दिवशी दुपारी हातात पडला. तेव्हा दाखला परीक्षेच्या आधीच काढून ठेवा.

वहिनीच्या मुलीचं सांगायचं राहिलं. तिला बारावीला ७१ टक्के, बायोत चांगले, नीटला मात्र रँक बरीच मागे. तासभर बसलो, माहितीपुस्तिका उघडून पात्रतेचं पान तिलाच मोठ्याने वाचायला लावलं. ती बीएस्सी नर्सिंगचा फॉर्म भरतेय आणि पुढच्या वर्षी नीट परत द्यायची की नाही ते अजून ठरलेलं नाही, आईला वाटतं द्यावी, तिला वाटतं बघू.

कोणाला असं बसून बघायचं असेल तर रविवारी दहानंतर मी घरीच असतो. येताना मार्कशीट आणि नीटचं स्कोअरकार्ड आणा, आणि पोराला सोबत आणा, नुसते आईबाप येऊ नका.