कुकरची रिंग आणि एक विशेष चिन्ह

कुकरची रिंग सैल झाली की शिटी होत नाही, कडेने वाफ फुसफुसत राहते आणि वरणाऐवजी घरात चर्चा शिजते. आमचा कुकर जुन्या घाटाचा. भांडेवाल्याने रिंग ताणून पाहिली आणि "ही आता कंपनीकडूनच मागवा" असा निकाल दिला. म्हणून कंपनीच्या वेबसाइटवर गेलो.

'रिंग' शोधली तर तवे आले. 'गॅस्केट' लिहिल्यावर एकदाची रिंग दिसली. मापाच्या जागी लिहिलं होतं, 'फ्री साइझ'.

पुढे खातं उघडा. पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक विशेष चिन्ह हवंच. दिलं. मग पत्ता. आमचा घर नंबर 12/ब. लगेच लाल अक्षरं: 'विशेष चिन्हे चालणार नाहीत.' म्हणजे ज्या तिरक्या रेघेवाचून खातं उघडेना, तीच दारावर असली की सामान येणार नाही! रेघ काढली तर घर 12ब झालं. तेही ठीक, आमच्या पोस्टमनला कळतं.

मग पिनकोड. 415001. 'अवैध पिनकोड.' सातारा अवैध! अहो, 15 ऑगस्ट 1972 ला देशात पिनकोड आला तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसामुळे, आणि ते संस्कृतचे कवीही होते. पहिला आकडा 4, म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पत्र्याची पेटी असलेल्या टपालखात्याला जे पन्नास वर्षं जमतंय, ते या साइटला का जमू नये? कारण सापडलं तेव्हा हसू आलं: फोनने आपणहून भरलेल्या आकड्यांच्या शेपटाला एक मोकळी जागा चिकटली होती. ती पुसल्यावर सातारा पुन्हा भारतात आला.

दरम्यान रिंगेशेजारी टोपलीत एक 'सुरक्षा कवच' येऊन बसलं होतं, टिक केलेलं. आधीच टिक करून ग्राहकाची संमती धरायची नाही, असं 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. 2023 मध्ये केंद्र सरकारने असल्या लबाड्यांचे 13 प्रकार नावानिशी जाहीर केले. गुपचूप टोपलीत माल सरकवणं हा त्यातलाच एक. या मंडळींनी उरलेल्या बारांचाही अभ्यास केलेला दिसला. कवच काढायला गेलो तर बटणावर मजकूर: 'नको, मला कुटुंबाच्या सुरक्षेची पर्वा नाही.' मी दाबलं. मागून आई म्हणाली, "काय रे, काय लिहिलंय ते?" वाचून दाखवायची हिंमत झाली नाही.

शेवटी ओटीपी. पडद्यावरचं घड्याळ शून्यावर आलं, 'सत्र संपले' झळकलं आणि अक्षता पडल्यावर मंगलाष्टकं म्हणायला पोचलेल्या भटजीसारखा ओटीपी आला. नवा मागवला, भरला. पैसे गेले. ऑर्डर मात्र झाली नाही. चौकशीच्या खिडकीतला यंत्रमानव म्हणाला, "मी तुमची अडचण समजू शकतो," आणि मला तव्यांवर सवलत दिली.

मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला, तक्रार नोंदवली. पैसे परत आले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. रिंग भांडेवाल्यानेच त्याच्या पुण्याच्या व्यापाऱ्याकडून मागवून दिली.

काल साइटचा मेल आला: 'आपला खरेदीचा अनुभव कसा वाटला?' खाली पाच तारे. पहिल्या ताऱ्यावर बोट ठेवलं तर पान गोल गोल फिरत बसतं. पाचव्यावर ठेवलं की लगेच 'धन्यवाद' येतं.