बायका कुठं मरत्यात लढाईत?

आज कारगिल विजय दिवस. आमच्या पेठेतल्या तालमीसमोर भलामोठा फ्लेक्स लागलाय. वर शहिदांचे फोटो, मधे तिरंगा, खाली शहिदांपेक्षा मोठी शुभेच्छुकांची तोंडं (ते चालायचंच, कोल्हापूर आहे). क्लासवरून येताना पोरगी गाडी थांबवायला लावून उतरली. एनसीसीत आहे, वर्दी दिसली की हिचा पाय निघत नाही. सगळे फोटो बघून झाल्यावर विचारते, "काका, यात बाई एकपण नाही?"

शिडीवर दोरी बांधणारा हसला. "बाळा, बायका कुठं मरत्यात लढाईत?"

खालचे चौघंपण हसले. मी म्हटलं, मरतात दादा. तर म्हणे, "बरं बरं वहिनी."

बरं बरं काय? लेफ्टनंट किरण शेखावत. नौदलाच्या डॉर्नियर विमानात ऑब्झर्व्हर, म्हणजे टेहळणीचं काम बघणारी अधिकारी. २४ मार्च २०१५ च्या रात्री सरावाच्या उड्डाणात विमान गोव्याजवळ समुद्रात कोसळलं आणि ती गेली. कर्तव्यावर असताना गेलेली नौदलाची पहिली महिला अधिकारी. दोनच महिन्यांपूर्वी दिल्लीत प्रजासत्ताक दिनाला नौदलाच्या महिला तुकडीत चालली होती. गोव्याला आपण शनिवार-रविवार आला की पळतो, पण हे नाव किती जणांना माहीत आहे?

हो, ती लढाई नव्हती, सराव होता. मान्य. सरावात पुरुष गेला तर मात्र आपण असला हिशेब मांडत बसत नाही.

सीआरपीएफची शिपाई कमलेश कुमारी. १३ डिसेंबर २००१, संसदेवर हल्ला झाला तो दिवस, संसदेचं गेट. हातात हत्यार नाही, फक्त वायरलेस सेट. गाडीतले लोक संशयास्पद वाटल्यावर ओरडून सगळ्यांना सावध केलं आणि गोळ्या खाल्ल्या. मरणोत्तर अशोकचक्र. सीआरपीएफ म्हणजे लष्कर नव्हे, हेपण कुणीतरी सांगणारच. सांगा.

आणि नर्सेस? त्या तर कुणाच्या खिजगणतीतच नाहीत. १२ फेब्रुवारी १९४४ ला मोंबासाहून कोलंबोला निघालेलं खेदिव इस्माईल हे सैनिकी जहाज मालदीवजवळ जपानी पाणबुडीनं बुडवलं. जेमतेम दोन मिनिटांत तळाला. त्यात ७७ बायका गेल्या, बऱ्याचशा लष्करी नर्सेस. पाणबुडीनं टॉर्पेडो सोडताना आत कोण आहे ते विचारलं नव्हतं.

आपल्या कार्यक्रमात बाई स्टेजवर येते ती वीरमाता नाहीतर वीरपत्नी म्हणून. नारळ, साडी, टाळ्या. त्यांचं दुःख मोठंच आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण स्वतः वर्दी घालून गेलेलीला खुर्ची कुठाय? आणि हे ताराराणींच्या गावात! कावळा नाक्यावर घोड्यावरचा पुतळा रोज बघतो की आपण.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. तो शिडीवरचा माणूस वाईट नाही. त्याचा सख्खा भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत आहे. सुट्टी संपवून भाऊ निघाला की हा स्टँडवर बस हलेपर्यंत खिडकीची दांडी धरून असतो, मी बघितलंय. त्याला कुणी सांगितलंच नाही, म्हणून हसला. पण पोरगी घरी येऊन न जेवता विचारत होती, "आई, मी गेले तर माझा फोटो लावतील?" असलं अभद्र बोलू नकोस म्हणून ओरडले तिला. उत्तर दिलं नाही.

तुमच्या नात्यात, गावात सैन्याच्या नोकरीत असताना गेलेली कुणी असेल, नर्स असो, डॉक्टर असो, कुणीही, तर नाव, गाव आणि तारीख मला पाठवा. फोटो नसला तरी चालेल. १५ ऑगस्टच्या फ्लेक्सचं डिझाइन आठवडाभर आधी जातं आणि यंदा प्रिंटिंगचे पैसे मी देणार आहे. शुभेच्छुकांनी थोडं सरकून घ्यावं.