वेताळ टेकडीवर दिवे नकोत

फिरायला येणाऱ्यांच्या सोयीसाठी टेकडीवर सिमेंटची वाट आणि दिवे करावेत, असं एका लेखात सुचवलंय. मी कित्येक वर्षं पहाटे पुण्याची वेताळ टेकडी चढते, म्हणून कळकळीने सांगते, हे नको. रातवा आणि चंडोल हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. रात्रभर उजेड आणि जागोजागी वर्दळ झाली, तर त्यांनी जावं कुठे?

माणसांना मज्जाव करा असं माझं म्हणणं नाही. ठरलेल्या दोन-तीन मातीच्या वाटा ठेवा, विणीच्या हंगामात गवताळ पट्टा बंद करा. आणि कृपया माळावर खड्डे खणून सरसकट झाडं लावू नका! भराभर वाढतं म्हणून मेक्सिकोकडचं गिरिपुष्प लावलं, त्याच्या दाट सावलीत इथलं गवत मरतं.