गवा, गोळी आणि हंगामात फिरणारा एक मेसेज

ऊसतोड सुरू झाली की शिराळा, पाटण, जावळी भागातल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा आशय असा: गव्यासारखं मोठं जनावर पाडायला खास काही लागत नाही. जवळून बाराबोअरची एलजी (मोठ्या छर्‍यांचं काडतूस) पुरते, नाहीतर .३१५ रायफल आहेच. गोळी आत गेली आणि फुटली की जनावर जागेवर बसतं. रायफल मोठी असली तर प्रश्नच नाही. एका इंग्रज साहेबाने बारीक ७ मिमी रायफलीने हजार हत्ती मारले, मग गव्याचं काय घेऊन बसलात?

यातलं जवळपास सगळं चूक आहे. दोन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, आणि माणसं मरायची वेळ येते ती त्या दोन गोष्टींमुळेच. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

कायद्याचं आधी सांगून टाकू. गवा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला किमान तीन वर्षं कैद आहे, आणि पिकाची नासाडी हे गव्यावर बार काढायचं कारण धरलं जात नाही. तेव्हा खाली जी माहिती आहे ती आफ्रिकेतली आहे. तिथे काही देशांत रानरेडा आणि हत्ती यांची परवान्याने शिकार चालते, आणि कुठली गोळी काय करते याचा शंभर वर्षांहून जास्त अनुभव जमा झालेला आहे. आपला पूर्ण वाढलेला नर गवा वजनाने त्या रानरेड्यापेक्षा कमी नाही, बहुतेकदा जास्तच भरतो.

"गोळीच्या धक्क्यानेच जनावर बसतं."

हिशोब करून बघा. .३७५ एच अँड एच मॅग्नम (.३७५ ही गोळीची इंचातली जाडी) हे १९१२ पासून चालत आलेलं, रानरेड्यासाठी किमान मानलं जाणारं काडतूस. त्याची गोळी ३०० ग्रेनची, म्हणजे १९.४ ग्रॅम. नळीतून निघताना वेग सेकंदाला साधारण ७७० मीटर. ही गोळी आठशे किलोच्या जनावरात पूर्ण थांबली तरी त्या जनावराला मिळणारा वेग सेकंदाला दोन सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. एवढ्या धक्क्याने बैल कूससुद्धा बदलणार नाही. खोक्यावर छापलेले ऊर्जेचे, फूट-पाउंडाचे आकडे कितीही मोठे असोत, जनावर जागेवर पडतं ते मेंदूला किंवा पाठीच्या कण्याला गोळी लागली तरच. काळजाला नेमकी लागली तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर ते दहा-पंधरा सेकंद पूर्ण ताकदीने हालचाल करू शकतं. तेवढ्या वेळात गवा शंभर मीटर सहज कापतो. तो कुठल्या दिशेने कापेल हे बार काढणाऱ्याच्या हातात नसतं.

"आत फुटली की काम झालं."

मेसेजमधलं हे सगळ्यात घातक वाक्य. म्हणून इथे जरा थांबू.

सॉफ्ट नोज गोळी म्हणजे तांब्याच्या पातळ कवचात शिसं, आणि टोकाला शिसं उघडं. अंगात शिरताच टोक मागे वळतं आणि गोळी अळंबीसारखी उमलते. तिची जाडी दुप्पट झाली की समोरचं तोंड चौपट होतं. जखम रुंद होते, पण गोळीला अडणारं मांसही चौपट होतं आणि ती लवकर थांबते. भेकर, डुक्कर अशा जनावरात हेच हवं असतं, कारण काळीज वीतभर आत असतं. गव्याच्या किंवा रानरेड्याच्या बाबतीत गोळीला आधी जाड कातडं, मग पुढच्या फऱ्याचं मांस, फऱ्याचं हाड आणि रुंद बरगड्या ओलांडायच्या असतात, आणि त्यानंतर कुठे फुप्फुस आणि काळीज. पहिल्या चार बोटांतच उमललेली गोळी तिथवर पोचत नाही. वरून मोठी, रक्ताळलेली जखम दिसते आणि आत जनावर धडधाकट असतं.

दुसरा बिघाड कवच आणि शिसं सुटण्याचा. साध्या गोळीत शिसं नुसतं कवचात दाबून बसवलेलं असतं. हाडावर आपटलं की कवच एकीकडे, शिसं दुसरीकडे. अशी गोळी जनावरातून काढून सोनाराच्या काट्यावर ठेवली तर कधी निम्मंही वजन भरत नाही. हरवलेलं वजन म्हणजे हरवलेली खोली. यावर दोन उपाय निघाले. एक, कवचाच्या मध्ये तांब्याची आडवी भिंत ठेवून मागचं शिसं वाचवायचं. नोस्लर पार्टिशन १९४८ पासून याच तत्त्वावर आहे. दुसरा, शिसं कवचाला वितळवून कायमचं चिकटवायचं. वुडली वेल्डकोर, स्विफ्ट ए-फ्रेम या गोळ्या अशा आहेत, आणि ए-फ्रेममध्ये तर भिंतही आहे. नीट बनलेली अशी गोळी हाडातून जाऊनही आपलं बहुतेक वजन राखते. शिसं पूर्ण वगळून सबंध तांब्याची गोळीही असते. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते. ती काडतुसात खोल बसते आणि बंदुकीच्या दारूची जागा खाते. निव्वळ वजन बघून गोळी बदलणारे इथे फसतात.

आणि जिथे उमलणं अजिबात नको, तिथे सॉलिड. सबंध पितळेची किंवा जाड पोलादी कवचाची, न उमलणारी गोळी. हत्तीला फक्त हीच. यात टोकाचा आकार महत्त्वाचा. जुन्या सॉलिड गोल टोकाच्या होत्या. त्या खोल जायच्या, पण आत वाट सोडून वळायच्या. टोक सपाट ठेवलं, सपाट भाग गोळीच्या जाडीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असला, तर ती सरळ रेषेत जाते असा अनुभव आहे. अणकुचीदार लष्करी गोळी याच्या अगदी उलट वागते. तिचं वजन मागच्या बाजूला असतं, त्यामुळे ओल्या मांसात ती आडवी होऊन कोलांटते आणि कुठे जाईल याचा नेम राहत नाही. सैन्यात ७.६२ मिमी किंवा .३०३ हाताळलेल्या मंडळींनी हे लक्षात घ्यावं. .३०३ च्या मार्क सात गोळीत टोकाकडे शिशाऐवजी ॲल्युमिनियमसारखा हलका भराव असे, आणि त्यामुळेही ती पटकन आडवी होई. ती माणसासाठी बनवलेली होती.

रानरेड्यासाठी आफ्रिकेत जी पद्धत रुळली ती अशी: पहिला बार चिकटवलेल्या शिशाच्या सॉफ्ट नोजचा, मागचे सगळे सॉलिड. पहिला बार बहुतेक वेळा बाजूने, शांत उभ्या जनावरावर असतो. पुढचे पळत्या किंवा अंगावर येणाऱ्या जनावरावर, पार्श्वभागाकडून पुढपर्यंत पोचावे लागतात. कळपात मात्र सॉलिड पहिली वापरत नाहीत, कारण ती आरपार जाऊन मागच्या जनावराला जायबंदी करते. बिबट्याच्या बाबतीत गणित उलटं. पन्नास-साठ किलोच्या अंगातून कडक गोळी न उमलताच निघून जाते. एकच गोळी सगळ्यांना चालते म्हणणाऱ्याने हा फरक कधी पाहिलेला नसतो.

"एलजी पुरते."

नाही. एलजीचा छर्रा साधारण ९ मिमी जाडीचा आणि साडेचार ग्रॅमच्या आसपास वजनाचा असतो. गोळी किती खोल जाईल याचा एक ढोबळ अंदाज तिच्या जाडीच्या मानाने वजनावरून बांधतात. त्याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात. .३७५ च्या ३०० ग्रेन गोळीची ती .३०५ येते, एलजीच्या छर्‍याची .०८ च्या आत. म्हणजे चौथाई. शिवाय छर्रा मऊ शिशाचा, गोल आणि वेगाने निम्मा. फऱ्याच्या मांसात तो अडकतो. जखम पिकते, जनावर आठवडाभर वेदनेत फिरतं आणि समोर दिसेल त्याच्यावर जातं.

".३१५ तरी चालेल."

हा अर्धा खरा दावा. आपल्याकडच्या परवान्याच्या .३१५ रायफलीची गोळी २४४ ग्रेनची. जाडीच्या मानाने तिचं वजन .३७५ च्या तोडीचं आहे, आणि कागदावर बघणारा तिथेच फसतो. सेक्शनल डेन्सिटी मोजतात ती गोळी उमलायच्या आधीची. इथे मिळणारी गोळी साधी सॉफ्ट नोज आहे. उमलली किंवा फुटली की तो आकडा संपला. डुकरासाठी, तेही वन खात्याच्या परवानगीने, ती ठीक. आफ्रिकेतल्या अनेक देशांत अशा जनावरांसाठी .३७५ किंवा त्याच्या जवळपासचा व्यास किमान धरतात, तो उगाच नाही.

"रायफल मोठी असली की झालं."

मोठ्या रायफलीतही चुकतं. .४५८ विंचेस्टर मॅग्नम १९५६ मध्ये आलं. ५०० ग्रेनची गोळी आणि काडतुसाचं नळकांडं आखूड. दारू दाबून भरावी लागे. काही काळाने ती घट्ट बसून नीट जळेना, आणि गोळी छापलेल्या वेगाच्या बरीच खाली निघू लागली. कागदावर तोफ, हातात कमजोर काडतूस. दुसरं, जोरदार झटक्याने मॅगझिनमधल्या बाकीच्या गोळ्या पुढच्या भिंतीवर आपटतात. शिशाची टोकं चेपतात, आणि काडतुसाचं तोंड गोळीच्या खाचेत नीट आवळलेलं नसेल तर गोळी आत सरकते. मग दाब वाढतो किंवा काडतूस अडकतं. चार बार काढल्यावर मॅगझिन रिकामं करून गोळ्यांची लांबी मोजणं हा तिथल्या जाणत्या लोकांचा नेम आहे. दुनळी रायफलीचं आणखी वेगळं. तिच्या दोन्ही नळ्या ठरावीक वजनाच्या आणि वेगाच्या गोळीसाठी जुळवलेल्या असतात. गोळी बदलली की दोन बार दोन ठिकाणी जातात.

जुन्या काळी साहेब लोक इथे गवे मारत तेही याच जड रायफलींनी. १९०७ मध्ये इंग्रज सरकारने भारतात .४५० ची काडतुसं बंद केली, कारण ती बंडखोरांच्या मार्टिनी-हेन्री रायफलींना उपयोगी पडतील अशी धास्ती होती. मग .४७० सारखी काडतुसं पुढे आली. बारीक रायफल पुरली असती तर ही खटपट कोणी केली नसती.

"साहेबाने ७ मिमीने हजार हत्ती मारले."

हा माणूस म्हणजे डब्ल्यू. डी. एम. बेल, 'करामोजो' बेल. हजारावर हत्ती आणि .२७५ रिग्बी, म्हणजेच ७ मिमी रायफल, दोन्ही खरं; सगळे हत्ती मात्र त्या एकाच रायफलीने नव्हेत. मेसेजमध्ये पुढचं गाळलंय. तो १७३ ग्रेनची, गोल टोकाची, अजिबात न उमलणारी लांब सॉलिड वापरत असे. म्हणजे बारीक गोळीतही त्याने खोलीच निवडली होती. हत्तींच्या कवट्या करवतीने कापून मेंदू कुठल्या कोनातून कुठे येतो ते त्याने पाहिलं होतं. हत्ती तेव्हा बंदुकीला सरावलेले नव्हते, आणि तो जवळ जाऊन, वेळ घेऊन मेंदूचा नेम धरायचा. बेलची रायफल सांगायची आणि बेलची गोळी लपवायची, ही सरळसरळ दिशाभूल आहे.

गव्याच्या अंगाचंही एक. खांद्यावर दिसणारा उंचवटा मणक्यांवरून वर गेलेल्या लांब हाडांचा असतो आणि तो पाठीच्या मध्यापर्यंत जातो. त्यामुळे अंगाचा मध्य डोळ्याला भासतो त्यापेक्षा प्रत्यक्षात बराच खाली असतो. उंचवट्यात लागलेली गोळी कण्याच्या वरून जाते. जनावर क्षणभर खाली बसतं, बघणाऱ्याला मेल्यासारखं वाटतं, आणि मग उठून उसात शिरतं.

त्या उसात दुसऱ्या दिवशी पहाटे टोळी कोयता घेऊन शिरणार असते. फडात तीन हातांपलीकडचं दिसत नाही, सरीत पाचट साचलेलं असतं, पळायला वाट नसते. कुणीतरी बार काढल्याची कुजबुज जरी कानावर आली, तरी त्या फडाची तोड त्याच दिवशी थांबवा. मुकादमाला आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांना कळवा, बाळंतिणी आणि पोरं असलेल्या कोप्या त्या बांधापासून हलवा. रक्ताच्या मागावर कुणी आत जायचं नाही. जनावर शेवटचं कुठे दिसलं तिथे बांधावर फडकं बांधून ठेवा आणि वन खात्याच्या १९२६ क्रमांकावर गट नंबर, वेळ आणि जनावर कुठल्या तोंडाने गेलं ते सांगा.