आईचा डेटा

युया इशिई या जपानी दिग्दर्शकाचा ‘होनशिन’ (2024) हा सिनेमा पाहून चार दिवस झाले, डोक्यातून जातच नाहीये. होनशिन म्हणजे मनातलं खरं. आपण सहसा बोलून दाखवत नाही ते. केइचिरो हिरानोच्या कादंबरीवर बेतलेला आहे. (शेवट सांगणार नाही, निर्धास्त वाचा.)

साकुया कारखान्यात काम करणारा साधा मुलगा, घरात तो आणि आई. एके दिवशी आई फोनवर म्हणते, महत्त्वाचं बोलायचंय. बाहेर मुसळधार पाऊस, नदीला पूर. परतताना त्याला आई काठावर दिसते आणि क्षणात दिसेनाशी होते. तो पाण्यात उडी टाकतो. शुद्धीवर येतो तेव्हा बराच काळ लोटलेला असतो, नोकरी यंत्रमानवांनी घेतलेली असते आणि आई गेलेली असते. वर कळतं की तिने कायद्याने मान्य असलेलं स्वेच्छामरण निवडलं होतं. एकुलत्या एक मुलाला न सांगता.

मग तो एका तंत्रज्ञाकडे जातो आणि आई बनवून मागतो. फोटो, व्हिडिओ, मेल, जे असेल ते यंत्रात ओतायचं. गॉगल लावला की आई समोर हजर. ही भूमिका युको तानाकाची आहे. 1983च्या ‘ओशिन’ मालिकेतली तरुण ओशिन तीच. जिवंत आई आणि बनवलेली आई यांत तिने जो केसाएवढा फरक ठेवलाय ना, त्यासाठी तरी बघा. साकुया पोटासाठी कॅमेरा लावून दुसऱ्यांच्या वतीने हिंडतो, गिऱ्हाईक सांगेल ते करतो, तो धागाही जबरदस्त आहे; पण इशिईने दोन सिनेमांचा ऐवज एकात कोंबलाय असं मला वाटलं.

माझं अडतं ते दुसरीकडेच. बनवलेल्या आईला साकुयाला विचारायचंय की तू मरण का निवडलंस. पण तिच्याजवळ आहे काय? ती मुलाशी जे बोलली ते. आणि जे तिने मुलापासूनच लपवलं, ते मुलाने दिलेल्या डेटात कुठून येणार? शेवटी त्याला आईच्या ओळखीतली मियोशी नावाची एक तरुण मुलगी शोधावी लागते. आईबद्दलचं नवं काही कळतं ते जिवंत माणसाकडून.

मी गंमत म्हणून माझ्या आईचा डेटा काढून बघितला. व्हॉट्सॲपवर सात वर्षांचं संभाषण आहे. त्यात गुलाबाची फुलं, ‘शुभ सकाळ’, ‘जेवलीस का’, ‘पोचलीस का’ आणि ‘ओके’. एवढ्यावरून जी आई तयार होईल ती रोज सकाळी फूल देईल आणि जेवण विचारेल. माझी खरी आई भाजी निवडताना पाठमोरी बोलते. सगळं महत्त्वाचं तिने ओट्याकडे तोंड करून सांगितलंय, आणि ते कुठेच नोंदलेलं नाही.

आणि हे काही फक्त सिनेमातलं राहिलेलं नाही. मिसोरा हिबारी ही जपानची लाडकी गायिका 1989मध्ये वारली. 2019मध्ये एनएचके या जपानी सार्वजनिक वाहिनीने यामाहाच्या तंत्राने तिचा आवाज पुन्हा घडवला आणि नवं गाणं गाऊन घेतलं. वर्षअखेरच्या ‘कोहाकू’ कार्यक्रमातही तो आवाज आला. गाण्याच्या मध्ये ती बोलते: खूप दिवसांनी भेटतोय, मी तुम्हाला बघत होते, फार कष्ट घेतलेत. लोक ढसाढसा रडले. गायक तात्सुरो यामाशिता याने मात्र याला सरळ विटंबना म्हटलं. मला आवाजाचं इतकं काही वाटत नाही. तो तिच्याच ध्वनिमुद्रणांवरून शिकवलेला होता. पण ‘मी तुम्हाला बघत होते’ हे तिचं वाक्यच नाही. ते गीतकाराने लिहिलंय. मेलेल्या बाईच्या तोंडी आपल्याला हवं ते घातलं, आणि तिला ‘नाही’ म्हणायची सोय ठेवली नाही.

इथे मला आजोबांचा दहावा आठवला. घाटावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. दीड तास. झाडावर चांगले दहा-बारा बसलेले, पण एकही खाली येईना. काका म्हणाले, वाडा विकणार नाही. बाबा म्हणाले, आईची काळजी करू नका. आत्याला पुढे केलं, तिने काहीतरी पुटपुटून हात जोडले. विहिरीच्या वादात तुटलेल्या चुलत घराण्याचाही विषय निघाला. कावळ्याला कळतं यावर माझा काडीचाही विश्वास नाही, पण त्या दीड तासात आमच्या घरातली माणसं पहिल्यांदाच विचार करत होती की या म्हाताऱ्याच्या मनात नेमकं होतं काय. हयातीत त्यांना असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

ऊन चढलं. गुरुजींना पुढचं काम होतं. त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, म्हणाले, झालं, चला. दर्भाचा कावळा कधी अडत नाही. आम्ही आंघोळी करून घरी आलो, जेवलो. वाडा दोन वर्षांनी विकला. आत्या काय पुटपुटली होती ते मी तिला अजून विचारलेलं नाही.